दुसरी गाळून थेट तिसरीत?

प्रश्न : माझी मुलगी नोव्हेंबर २०१९ मध्ये जन्मलेली असून तिची पहिली नुकतीच पूर्ण झाली आहे. शाळा राज्य मंडळाची, सेमी इंग्रजी माध्यमाची आहे. केजी-टूमध्ये असतानाच ती वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागली होती. आता मुलांचे मासिक एका बैठकीत संपवते, पंधरापर्यंतचे पाढे म्हणते आणि हातच्याची बेरीज-वजाबाकी सहज करते. पहिलीत नवीन काय शिकलीस, असे विचारले तर "रांगेत चालायला" असे उत्तर देते. वर्गशिक्षिकांचे म्हणणे असे की, दिलेले काम ती पाच मिनिटांत आटोपते आणि मग शेजारच्या मुलांना उत्तरे सांगत बसते. एप्रिलमध्ये मुख्याध्यापिकांनी आम्हांला बोलावून तिला दुसरी गाळून तिसरीत बसवण्याची तयारी दाखवली. तिचे बाबा लगेच तयार झाले. सासूबाई मात्र "लेकराचं बालपण हिरावू नका" म्हणून नाराज आहेत. तिचे अक्षर अजून मोठे आहे आणि लिहिण्याचा वेग कमी आहे, सापशिडीत हरली की रडते, आणि वर्गात तिच्या दोन जिवलग मैत्रिणी आहेत. तिला आम्ही यातले अजून काहीच सांगितलेले नाही. तिचा मोठा भाऊ एप्रिल २०१८ चा असून याच शाळेत यंदा तिसरीत जाईल, त्यामुळे दोघांचा अभ्यास आणि ऑटोची वेळ एकच होईल, ही आणखी एक सोय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडण्यापूर्वी निर्णय कळवायचा आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत वजनदार मजकूर तुम्ही शेवटी, सोय म्हणून लिहिला आहे. वर्ग ओलांडण्याचा निर्णय घेण्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात तयार झालेली एक मोजपट्टी बरीच वापरली जाते. तीत मुलाची बुद्धी, अभ्यास, स्वभाव, शाळेची तयारी अशा अनेक बाबींना गुण दिलेले असले, तरी चार प्रसंग असे सांगितले आहेत की त्यांपैकी एकही असेल तर बाकीचे गुण कितीही पडोत, पूर्ण वर्ग ओलांडू नये. मुलाची बुद्धी सरासरीच्या पुरेशी वर नसणे हा पहिला. सध्याच्या वर्गात सख्खे भावंड असणे हा दुसरा, ज्या वर्गात जायचे त्यात सख्खे भावंड असणे हा तिसरा, आणि मुलाची स्वतःची इच्छा नसणे हा चौथा. तुमच्या घरात तिसरा प्रसंग उघड आहे आणि चौथ्याची अजून चौकशीच झालेली नाही.

भावाच्या जागी बसून पाहा. दीड वर्षाने धाकटी बहीण अचानक त्याच वर्गात येऊन बसते, प्रत्येक चाचणीचे पेपर एकाच दिवशी घरी येतात, आणि दिवाळीला जमलेले नातेवाईक दोघांना शेजारी उभे करून गुण विचारतात. तो मुलगा स्वतः कितीही चांगला शिकत असला, तरी पुढची आठ वर्षे त्याची ओळख बहिणीच्या मापाने होईल. तिच्यावर होणारा परिणाम लवकर दिसत नाही, पण तोही कमी नसतो. भावाला वाईट वाटू नये म्हणून येत असलेले उत्तर न देणाऱ्या मुली मी समुपदेशनाच्या कामात एकापेक्षा अधिक वेळा पाहिल्या आहेत. निराळ्या तुकडीत बसवल्याने हा प्रश्न थोडा बोथट होईल, पण सुटणार नाही, कारण तुलना वर्गखोलीत जेवढी होते तेवढीच ती स्वयंपाकघरात होते.

म्हणून या शाळेत, या वर्षी, पूर्ण वर्ग ओलांडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सासूबाईंनी दिलेल्या कारणासाठी नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. वर्ग गाळला की बालपण जाते, मूल एकलकोंडे होते, पुढे कोमेजते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे आणि तिला अभ्यासांचा फारसा आधार नाही. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात फार पुढे असलेल्या मुलांचा जो अभ्यास सुरू केला, तो पुढे अनेक दशके चालला. नीट पारखून वरच्या वर्गात गेलेल्या मुलांचे सरासरीने नुकसान झालेले त्यात आढळले नाही. उलट त्यांतील बहुतेकांना मोठेपणी त्या निर्णयाचा पश्चात्ताप नव्हता. आता ती मुले निवडली गेली तेव्हा साधारण बारा-तेरा वर्षांची होती, त्यामुळे साडेसहा वर्षांच्या मुलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही रोज चार-पाच तास आलेल्याच गोष्टी पुन्हा ऐकत बसणे म्हणजे बालपण जपणे, असे मला वाटत नाही. भाऊ वरच्या वर्गात नसता आणि मुलीने स्वतः होकार दिला असता, तर सहा आठवडे तिसरीत बसवून पाहा, असे मी कदाचित लिहिले असते.

वर्ग ओलांडण्याने नेमके काय साधते, हेही तपासून पाहिले पाहिजे. तुमच्या मुलीची अडचण ती एका वर्षाने पुढे आहे एवढीच असती, तर एक वर्ग वर बसवून ती मिटली असती. खरी अडचण वेगाची आहे. इतरांना तीन आठवडे लागतात तो भाग तिला तीन दिवसांत येतो, आणि तिसरीतही तो वेग तिच्यासोबतच जाईल. मागच्या डब्यातून उठून पुढच्या डब्यात जाऊन बसले म्हणून पॅसेंजर गाडी लवकर पोहोचत नाही. पहिले तीन-चार महिने नवलाईचे जातील आणि दिवाळीनंतर वर्गशिक्षिकांची तीच तक्रार पुन्हा तुमच्या कानावर येईल, ही शक्यता मोठी आहे.

त्यामुळे ती कशात पुढे आहे आणि किती, हे विषयवार पाहा. पाढे म्हणता येणे आणि गुणाकार कळणे यांत अंतर असते. तिला विचारा : २६ मुलांना सहलीला न्यायचे आहे आणि एका ऑटोत चारच मुले बसतात, तर ऑटो किती लागतील? "सहा आणि उरले दोन" म्हणून ती थांबली, तर तिला हिशेब येतो. "सात" म्हणाली आणि सातव्या ऑटोत दोघेच बसतील हेही सांगितले, तर तिला गणित कळते. वाचनाचेही असेच. मासिकातील गोष्ट वाचून झाल्यावर गोष्टीत काय झाले हे न विचारता ते पात्र तसे का वागले असेल, हे विचारा आणि तिचे उत्तर मध्येच दुरुस्त न करता शेवटपर्यंत ऐका. लिहिण्याचा वेग ही क्षुल्लक बाब नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा मिळून पायाभूत टप्पा मानला आहे आणि तिसरीपासून पुढचा टप्पा सुरू होतो. परिसर अभ्यासासारखा विषय येतो, उत्तरे वाक्यांत लिहावी लागतात. डोके पुढे आणि हात मागे, अशा स्थितीत तिसरीत गेलेल्या मुलीला आपण "ढ" आहोत असे आयुष्यात पहिल्यांदा वाटू शकते, आणि त्याचे कारण फक्त बोटांचे स्नायू असतात.

बुद्धिमापन करून घ्यावे का, असे तुम्ही विचारले नसले तरी मुख्याध्यापिका विचारतील. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडूनच ते करून घ्यावे. या बाबतीत नागपूरचे नाव देशभर माहीत आहे, याची येथील पालकांना क्वचितच कल्पना असते : भारतीय मुलांसाठीची मालिन बुद्धिमापन चाचणी १९६० च्या दशकात डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात काम करताना तयार केली. अमेरिकेतील एडगर डॉल यांच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाचे त्यांनी केलेले भारतीय रूप तर "नागपूर रूपांतर" म्हणूनच ओळखले जाते. तुमच्या मुलीसाठी मला बुद्ध्यंकापेक्षा हे दुसरे मापन अधिक उपयोगाचे वाटते, कारण स्वतःचे कपडे-जेवण, स्वतःहून काम हाती घेणे, इतरांत मिसळणे यांत ती कितव्या वर्षाच्या मुलासारखी आहे, हे त्यातून कळते. मालिन चाचणी सहाव्या वर्षापासून देता येते, पण तिची मानके, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून मुलाचे गुण ठरतात ते सरासरी आकडे, जुनी आहेत, आणि मानके जितकी जुनी तितका बुद्ध्यंक फुगून येतो. दर दशकाला सरासरी तीन गुण, असा साधारण हिशेब धरला जातो. तेव्हा १४० आले म्हणून पेढे वाटू नका आणि ११८ आले म्हणून हिरमुसू नका. अहवालात उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण मागून घ्या, कारण शब्दसंग्रहात फार वर आणि संकेतलेखनात, म्हणजे खुणा भराभर उतरवण्यात, साधारण, असे चित्र आले तर तुमच्या अक्षराच्या निरीक्षणाला पुष्टी मिळेल.

मुख्याध्यापिकांनी वर्ग ओलांडण्याची तयारी दाखवली, म्हणजे त्या मुलीकडे लक्ष देणाऱ्या आहेत. तेव्हा नुसता नकार देऊन परतू नका. दुसरीत ती बसणार असेल तर तिथे काय होईल, याची बोलणी करा. प्रत्येक घटक सुरू होण्याआधीच त्या घटकाची छोटी चाचणी तिला द्यावी, जे येते ते पुन्हा करायला लावू नये, आणि वाचलेल्या वेळात वेगळे काम द्यावे. हे वेगळे काम म्हणजे तिसरीचे पुस्तक नव्हे, कारण ते दिले तर पुढच्या वर्षीचा कंटाळा आपण आजच तयार करून ठेवतो. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या वाटेने जावे. हातच्याची वजाबाकी येते ना, मग तिला सारखे नसलेले तीन अंक निवडू द्या, समजा ३, ५, २. त्यांची सर्वांत मोठी संख्या ५३२, सर्वांत लहान २३५, वजाबाकी २९७. पुन्हा तेच : ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३, ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४, ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५, आणि पुढे कितीही केले तरी ४९५ च. दुसरे अंक घेऊन पाहिले तरी गाडी तिथेच येऊन थांबते. चार अंकांसाठी कापरेकरांचा ६१७४ हा प्रसिद्ध आकडा आहे. असे का होते, या प्रश्नाने ती महिनाभर गुंतून राहील, वजाबाकीचा सरावही होईल, आणि उत्तर लगेच सापडत नाही याची सवय लागेल, जी सापशिडीत रडणाऱ्या मुलीला फार हवी आहे.

एका विषयात वर जाणे आणि वर्गाने वर जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि अंतिम सामन्यात तिच्यासमोर दुप्पट वयाच्या कोनेरू हंपी होत्या. पटावर जोडी खेळाच्या ताकदीने लागते, वयाने नव्हे, आणि तेवढ्यासाठी कोणी मुलाची इयत्ता बदलत नाही. गणिताच्या तासाला तिला थेट चौथीत नेता येत असेल तर तसे विचारून पाहा, म्हणजे भावाचा वर्गही टळेल. वेळापत्रक जुळत नसेल तर आठवड्यातून दोन तास ग्रंथालयात बसण्याची परवानगीही काही कमी नाही.

वयाचा हिशेब थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे नोव्हेंबरची तुमची मुलगी आताच वर्गातल्या धाकट्यांपैकी आहे. तिसरीत गेली तर काही मुले तिच्याहून जवळजवळ २२ महिन्यांनी मोठी असतील. वर्ग ओलांडल्यास सहावीत जाताना ती साडेनऊ वर्षांची असेल, आणि चंद्रपूरसारख्या सैनिकी शाळेत सहावीसाठी ३१ मार्चला दहा वर्षे पूर्ण हवीत, म्हणजे ती वाट बंद होईल. वैद्यकीय प्रवेशासाठी सध्याच्या नियमानुसार प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण लागतात. एक वर्ग ओलांडला तर ती त्यात जेमतेम बसेल, दोन ओलांडले तर बसणार नाही. साडेसहा वर्षांच्या मुलीच्या "नीट" या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची चिंता आज करावी, असे मी म्हणत नाही, पण नागपुरात ती कोणी ना कोणी करतेच, म्हणून आकडे दिले.

आणि मुलीशी बोला. "तुला तिसरीत जायचे आहे का?" असे विचारले तर ती घरच्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देईल. त्याऐवजी शाळेतला कोणता तास लवकर संपावा असे वाटते आणि कोणता संपूच नये असे वाटते, हे चार-पाच दिवस गप्पांच्या ओघात विचारत राहा. दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापिकांना पुन्हा भेटा. तोवर शाळेने वेगळे काम दिलेच नसेल, मुलगी सकाळी पोट दुखते म्हणून घरी राहू लागली असेल, तर हा विषय पुन्हा उघडावा लागेल, आणि तेव्हा दुसऱ्या शाळेचा विचारही वर्ज्य मानू नये.

प्रश्न : माझा नातू मार्च २०२२ चा आहे. चार वर्षांचा असून बाराखडी, शंभरपर्यंत अंक आणि दुकानांच्या पाट्या वाचतो. मला स्वतःला १९६० च्या दशकात गुरुजींनी दुसरीतून थेट चौथीत डबल प्रमोशन दिले होते आणि माझे काही बिघडले नाही. फक्त तिसरीतला जिल्ह्याचा भूगोल राहून गेल्यामुळे कन्हान आणि पेंच कुठे मिळतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. नातवाला केजीत वेळ घालवण्यापेक्षा यंदाच पहिलीत घालता येईल का? शाळा ओळखीची आहे.
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : नाही. ३१ डिसेंबर २०२६ ला तुमचा नातू पावणेपाच वर्षांचा असेल आणि नियम सहाचा आहे. शाळा ओळखीची असली तरी विद्यार्थ्याची नोंद ऑनलाइन होते आणि जन्मतारीख महापालिकेच्या दाखल्यावरून भरली जाते. तुमच्या पिढीत गुरुजी अंदाजाने तारीख लावत, आणि म्हणूनच विदर्भात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, एवढ्या ज्येष्ठ नागरिकांचे वाढदिवस १ जून किंवा १ जुलैला येतात. ती सोय आता राहिली नाही, आणि ते बरेच झाले. पाट्या वाचणे हे चांगले लक्षण आहे, परंतु लवकर वाचू लागलेली सगळीच मुले पुढे त्याच गतीने जातात असे नाही. तिसरी-चौथीपर्यंत पुष्कळ मुले त्यांना गाठतात. त्याला केजीत खेळू द्या, तान्हा पोळ्याला लाकडी बैल सजवू द्या, आणि संध्याकाळी तुमच्यासोबत बाजारात नेऊन पाट्या वाचू द्या. राहून गेलेला भूगोल त्याला तुम्ही आताच शिकवू शकता.

प्रश्न : मी उमरेड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी दोन खोल्यांत बसतात. पहिलीतला एक मुलगा तिसरीच्या फळ्यावरची गणिते बसल्या जागी सोडवतो आणि चौथीच्या पुस्तकातले धडे वाचतो. हजेरीपटावर तो पहिलीतच आहे. त्याला वरच्या वर्गात दाखवावे, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. केंद्रप्रमुख काय म्हणतील, याचीही काळजी आहे.
— एक शिक्षक, उमरेड तालुका

उत्तर : सर, मनीषनगरच्या आईंना ज्यासाठी इतकी बोलणी करावी लागणार आहेत, ते तुमच्या खोलीत आपोआप घडते आहे. बहुवर्ग शाळेची गैरसोय आपण नेहमी ऐकतो. पण पुढे असलेल्या मुलासाठी तीच मोठी मुभा असते, कारण तिसरीचे गणित ऐकायला त्याला जागाही बदलावी लागत नाही. हजेरीपटावर त्याला पहिलीतच राहू द्या. त्याने कोणत्या वर्गाचे गणित सोडवावे याला कुठलाही नियम आड येत नाही, आणि प्रज्ञावान मुलांना वर्गापलीकडचे काम द्यावे, असे २०२० चे धोरणच सांगते, एवढे केंद्रप्रमुखांना दाखवता येईल. वडिलांना मात्र एक गोष्ट समजावून सांगा की, वरचा वर्ग दाखवला तर मुलगा चौथी एक वर्ष आधी संपवेल आणि पाचवीसाठी त्याला रोज दुसऱ्या गावी एक वर्ष आधी जावे लागेल.

तुमच्याकडून एक काम व्हावे. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत आपण सवयीने "गणितात गती चांगली" असे लिहून मोकळे होतो. त्याऐवजी तारीख घालून नेमके लिहा : तीन अंकी वजाबाकी न शिकवता केली, अमुक धडा वाचून दोन प्रश्न स्वतः तयार केले, लेखन मात्र पहिलीच्या मुलाइतकेच आहे. पाचवीत तो नव्या शाळेत जाईल तेव्हा या वहीची प्रत दाखल्यासोबत वडिलांच्या हाती द्या, म्हणजे तिथल्या शिक्षकांना तो पुन्हा पहिल्यापासून ओळखावा लागणार नाही.